लोकसभेच्या दिवशीच बाटलीचं मतदान घेता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हाला कळेल. धुळे जिल्ह्यातल्या तुमच्या गावात देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बाटलीचं मतदान झालं. आलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, शिक्का मारला. तरीही यादीतल्या निम्म्या बायकांचा आकडा गाठला गेला नाही आणि दुकान तसंच राहिलं. लोकसभेला मात्र याच बायका सकाळपासून रांगेत उभ्या असतात. म्हणून पुढच्या वेळी लोकसभेच्या दिवशी, त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात बाटलीची पेटी ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली आणि बाटलीच्या मतदानाच्या वेळी सह्या पडताळणीपासून मोजणीपर्यंत टेबलावर बसलेलो आहे. तुमच्यासारखा निकाल मी डोळ्यांनी पाहिला आहे. मोजणीत दहातली नऊ मतं आडवी निघाली, बाहेर बायका फुगड्या घालायला लागल्या, आणि मग साहेबांनी एकूण यादीचा आकडा वाचून दाखवला. त्यानंतर त्या अंगणात जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

लोकसभेच्या दिवशी हे मतदान घेता येणार नाही. पण तुमची सूचना वेडगळ मुळीच नाही. जगात एका देशाने हुबेहूब तुमच्याच अडचणीवर हुबेहूब हाच उपाय केला होता.

तो देश म्हणजे न्यूझीलंड. १८९३ साली तिथे बायकांना मताचा हक्क मिळाला आणि त्यासाठी सगळ्यात जास्त झटल्या होत्या त्या दारूबंदीच्या चळवळीतल्याच बायका. त्याच वर्षी कायदा झाला की दारूचे परवाने ठेवायचे, कमी करायचे की बंद करायचे, हे त्या त्या भागातल्या मतदारांनी ठरवावं. पहिलं मतदान मार्च १८९४ मध्ये झालं, वेगळ्या दिवशी. अट अशी होती की नोंदलेल्या मतदारांपैकी निम्मे आले तरच मतदान ग्राह्य, आणि बंदीसाठी पडलेल्या मतांत पाचातली तीन मतं हवीत. कितीतरी ठिकाणी निम्मे मतदार आलेच नाहीत आणि सगळी मेहनत वाया गेली. बंदी फक्त क्लुथा या एका भागात लागू झाली. मग १८९५ मध्ये कायदा सुधारला आणि हे स्थानिक मतदान सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशीच घ्यायचं ठरलं. डिसेंबर १८९६ पासून तसं सुरू झालं. माणूस देशाच्या प्रतिनिधीसाठी एक कागद घ्यायचा आणि दारूच्या परवान्यांसाठी दुसरा. १९०८ पर्यंत असे बारा भाग कोरडे झाले. १९११ पासून संपूर्ण देशात दारूबंदी हवी का, हाही प्रश्न त्याच दिवशी विचारायला लागले. त्या पहिल्या खेपेला जवळजवळ ५५.८ टक्के मतं बंदीच्या बाजूने पडली, पण अट साठ टक्क्यांची होती. म्हणजे बहुमत मिळूनही हरणं, हे तिथल्या लोकांनीही सोसलं आहे.

तिथे हे जमलं, त्याचं कारण साधं आहे. परवान्याचा भाग आणि मतदारसंघ एकच होता. यादी एक, मतदार तेच, आणि दोन्ही मतदानं संसदेच्याच कायद्याने ठरलेली. आपल्याकडे यातली एकही गोष्ट जुळत नाही.

आपली लोकसभा घेतो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायत घेतो राज्य निवडणूक आयोग. बाटलीचं मतदान या दोघांचंही नाही. ते दारूबंदी कायद्याखाली मार्च २००८ च्या आदेशाने होतं, आणि त्याची सूत्रं जिल्हाधिकारी, राज्य उत्पादन शुल्क खातं आणि तहसील यांच्या हातात असतात. लोकांचा कौल घेण्याची तरतूद आपल्या राज्यघटनेत नाही, म्हणून याला आपण मतदान म्हणत असलो तरी कायद्याच्या अर्थाने ती निवडणूक नव्हे. लोकसभेची अधिसूचना निघाली की आम्ही सगळे, तहसीलदारापासून शाळेतल्या शिपायापर्यंत, निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर गेलेलो असतो. त्या दिवशी त्या खोलीत दुसरी पेटी ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनाही नसतो. शिवाय तुमच्या अर्जावर मत द्यायचं फक्त बायकांनी, लोकसभेला सगळ्यांनी. तुमचं मतदान गावाच्या शिवेपुरतं, आणि लोकसभेच्या यादीचा एखादा भाग दोन वस्त्या किंवा शेजारचा पाडाही पोटात घेऊन बसलेला असतो.

तुमच्याच जिल्ह्याचं पाहा. २०२४ च्या लोकसभेला साक्री आणि शिरपूर नंदुरबार मतदारसंघात, त्यांचं मतदान १३ मेला. धुळे आणि शिंदखेडा धुळे मतदारसंघात, त्यांचं २० मेला. एकाच जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालच्या गावांना दोन तारखा, आणि दोन्ही दिल्लीहून ठरलेल्या. त्यात दुकानदार गप्प बसत नाही. हरला की तो कोर्टात जातो आणि कार्यवाहीतली एक जरी चूक सापडली तरी सगळं मतदान रद्द व्हायची भीती असते. लोकसभेच्या गर्दीत उरकलेल्या मतदानात त्याला अशी चूक शोधायला फार वेळ लागणार नाही.

आता कायदा बाजूला ठेवा. समजा उद्या कुणी तशी परवानगी दिली, तरी मी तुम्हाला ती घेऊ नका असंच सांगेन. याला माझी दोन कारणं आहेत.

पहिलं कारण सप्टेंबर १९९९ मधलं. तेव्हा महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. मी मतदान अधिकारी होतो, तापीकाठच्या एका गावात. लोकसभेचा कागद पांढरा, विधानसभेचा गुलाबी. एक म्हातारी पांढऱ्या कागदावर शिक्का मारून सरळ दाराकडे निघाली. मी थांबवून गुलाबी कागद पुढे केला, तर म्हणाली, ‘एक मत दिधं ना भाऊ, आते आखो कसानं?’ एक मत दिलं ना, आता आणखी कशाचं? तिला परत बोलावलं, समजावलं. पण दुपारनंतर रांग शंभरावर गेली की प्रत्येकीला असं समजावणं होत नाही. दोन निवडणुका एकत्र असल्या की दुसऱ्या कागदाकडे लक्ष कमीच जातं. नेहमीच्या निवडणुकीत त्याने फारसं बिघडत नाही, कारण पडलेल्या मतांतच कोण पुढे ते पाहायचं असतं. तुमच्या मतदानात मात्र हिशोब पडलेल्या मतांचा नाहीच, हिशोब सगळ्या यादीचा आहे. जी बाई आली नाही, जिने कागद घेतला नाही, जिचा शिक्का दोन्ही चित्रांवर पसरला, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात जातात.

दुसरं कारण हवेचं. लोकसभेच्या आधीचे पंधरा दिवस गावात काय चालतं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास कायद्याने दारूविक्री बंद असते, हे खरं. पण त्याआधीच घराघरांत बाटल्या पोचलेल्या असतात. दुकान ज्याचं, त्याचा भाऊ किंवा साडू कोणत्या तरी पक्षाचा बूथवरचा माणूस असतो. अशा दिवशी तुमचा प्रश्न दारूचा राहत नाही. अमक्या उमेदवाराच्या बाजूच्या बायका आडवी म्हणतात म्हणून तमक्याच्या बाजूच्या उभी म्हणायला लागतात. बचत गटात एकत्र बसणाऱ्या बायकांत फूट पडते आणि ती निवडणूक संपल्यावरही बुजत नाही.

गोव्याचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ ला झाला, तेव्हा याच गोष्टीचा विचार केला गेला होता. देशाची चौथी सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती, तरी कौल वेगळा घेतला. आणि सत्तेतल्या पक्षाच्या हातात यंत्रणा राहू नये म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. १,३८,१७० मतं फुलाला आणि १,७२,१९१ मतं दोन पानांना पडली. दोनच महिन्यांनी विधानसभा झाली, आणि विलीनीकरण मागणारा पक्षच पुन्हा निवडून आला, तीसपैकी सोळा जागांनी. गोव्याच्या मतदाराने एका प्रश्नाला एक उत्तर दिलं आणि दुसऱ्या प्रश्नाला दुसरं. प्रश्न सुटा विचारला, म्हणून प्रत्येकाने सुटं उत्तर दिलं. तुमच्या बायकांनाही दारूचा प्रश्न सुटाच विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

त्याच कौलातला आणखी एक आकडा मी बाटलीच्या मतदानाच्या वेळी नेहमी सांगायचो. तिथे फक्त दोन चित्रं होती, तरी ७,२७२ मतं बाद झाली. याकडे पुढे येतो.

मग तुमची खरी अडचण कोणती? बायका कमी आल्या, असं तुम्ही लिहिलंय. माझा अनुभव सांगतो की बहुतेक वेळा यादीच फुगलेली असते.

हिशोब मांडू. समजा यादीत १,२४० बायका आहेत. निम्म्याहून जास्त म्हणजे तुम्हाला ६२१ मतं हवीत. आता त्या यादीत वारलेल्या आजीबाई आहेत, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली आहेत, कुटुंबासकट सुरतेला कायमच्या गेलेल्या आहेत, एकीचं नाव माहेरच्या आणि सासरच्या आडनावाने दोनदा आहे. अशी २०० नावं निघाली तर गावात प्रत्यक्ष बायका उरतात १,०४०. त्यांतून ६२१ आणायच्या म्हणजे शंभरातल्या साठ. न्यूझीलंडची ती पाचातल्या तिनाची अट तुमच्यावर कुणी न लादताच येऊन बसते, आणि तीही आलेल्या बायकांत नव्हे, गावातल्या सगळ्या बायकांत. तीच यादी साफ असती तर ५२१ पुरल्या असत्या. शंभर मतांचा फरक. मागच्या वेळी तुम्ही कितीने हरलात ते लिहिलं नाही, पण या शंभराच्या आतच हरला असाल असं मला वाटतं.

यादी साफ करणं ही वर्षभर चालणारी गोष्ट आहे आणि इथे मात्र लोकसभेचा तुम्हाला पुरेपूर उपयोग आहे. निवडणुकीआधी आयोग यादीची फेरतपासणी करतो. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे, बहुधा तुमच्याच गावची अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक, घरोघरी फिरतात. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाला अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी दिलेली असते. ज्या नावांचा तुम्हाला त्रास आहे ती तिथे बऱ्यापैकी सापडतात. बीएलओबरोबर बसा. वारलेल्या किंवा गाव सोडलेल्या व्यक्तीचं नाव कमी करायला नमुना ७, नव्या मुलीचं नाव घालायला नमुना ६, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरहून इकडे आणायला नमुना ८. वयाची अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे वर्षभर थांबायचं कारण नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. विरुद्ध बाजूच्या बाईचं नाव काढण्यासाठी नमुना ७ कधीही भरू नका. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, ते तर आहेच. पण त्याहून, एका बाईचा मताचा हक्क काढून दुसऱ्या बाईचं घर सावरता येत नाही. ती दुकानदाराची बायको असली तरी तिचं मत तिचंच आहे. अर्ज एकेका नावाचा भरा, मृत्यूचा दाखला जोडा, आणि ज्या घरातलं नाव आहे त्या घरच्यांनाच भरायला लावा. गठ्ठ्याने दिलेले अर्ज तसेही चालत नाहीत.

बाटलीच्या मतदानाला कोणत्या तारखेची यादी धरणार, हे अर्ज देतानाच लेखी विचारून घ्या. हे ज्याच्या त्याच्या सोयीने बदलताना मी पाहिलं आहे. एका ठिकाणी बायकांनी महिनाभर खपून नावं कमी करून घेतली आणि कार्यालयाने जुनीच छापील यादी आणली. त्यांच्याकडे लेखी काही नव्हतं.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुम्ही तालुका लिहिलेला नाही. गाव साक्री किंवा शिरपूरच्या अनुसूचित, म्हणजे आदिवासी, पट्ट्यात असेल तर तुमची वाट वेगळी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अशा गावांत ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. तिथे आधी ग्रामसभा, आणि ग्रामसभेतही बायकांची हजेरी. त्या भागाला हे काही नवं नाही. तळोद्याजवळच्या मोरवडचे संत गुलाम महाराज यांच्या शब्दावर १९३० च्या दशकात हजारो भिल्ल कुटुंबांनी दारू सोडली होती. त्यांना ना यादी लागली, ना पेटी. गाव धुळे किंवा शिंदखेडा तालुक्यात असेल तर मात्र बाटलीशिवाय मार्ग नाही.

दुसरं, तुमच्या गावाला छळते ती दारू कोणती? बाटलीच्या मतदानाने बंद होतं ते परवान्याचं दुकान. हातभट्टीला परवाना नसतोच, ती आजही बेकायदा आहे आणि तिच्यासाठी मतदानाची गरज नाही, तक्रारीची आणि पाठपुराव्याची आहे. गावात दोन्ही असतील तर दुकान बंद झाल्यावर भट्टीवाल्याचा धंदा वाढतो, हे आधीच धरून चाला. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल शहर १९०५ मध्ये मतदानाने कोरडं झालं आणि १९४३ मध्ये लोकांनी मतदानानेच ते पुन्हा उघडलं. मधल्या काळात लोक हद्दीबाहेर जाऊन पीत होते आणि जवळच्या होकोनुई डोंगरांत चोरून व्हिस्की गाळली जात होती. आपल्याला तर हे सांगायलाच नको. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. गुजरातेत कायमची दारूबंदी, आणि सीमेच्या अलीकडे दारूच्या दुकानांची रांग. म्हणून पलीकडच्या गावच्या बायकांशी आधी बोला. दोन शेजारच्या गावांनी एकाच महिन्यात अर्ज दिले तर त्याचा परिणाम दुपटीहून जास्त होतो. दुकानदाराला परवाना उचलून शेजारी नेता येत नाही, आणि पिणाऱ्यालाही संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर जाणं जिवावर येतं.

अर्जाबद्दल थोडक्यात. एकूण मतदारांच्या नावाने अर्ज करता येतो किंवा फक्त महिला मतदारांच्या. तुम्ही महिलांचाच करा. चौथा हिस्सा सह्या लागतात, म्हणजे वरच्या उदाहरणात ३१०. पण ४५० गोळा करा, कारण पडताळणीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर येऊन ‘ही माझी सही’ असं सांगावं लागतं, आणि त्या दिवशी कुणी शेतात असते, कुणाला नवरा सोडत नाही. गावात सीएल-३ म्हणजे देशीचं दुकान, एफएल-३ म्हणजे परमिट रूम, बिअर शॉपी, जे जे असेल ते सगळं अर्जात नावानिशी लिहा. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी दुकान बंद ठेवण्याचा आदेशही त्याच अर्जात मागा.

आता दिवस. तुम्ही लोकसभेचा दिवस मागत होतात तो बायका घरी असतात म्हणून. मग बायका घरी असतात असा आपल्या खानदेशातला दिवस शोधू या. तारीख ठरवणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतं, पण कारण देऊन लिहिलेली विनंती बहुतेक वेळा ऐकली जाते. मी स्वतः अशा विनंत्यांवर टिपण्या लिहिल्या आहेत.

कापसाची वेचणी सुरू झाली की दिवाळीच्या आगेमागे कुणी बाई दिवसा घरी सापडत नाही. हिवाळ्यात नंदुरबार, साक्री, शिरपूरकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. ते महिने टाळा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तर अजिबात नको. आखाजीला गाव बायकांनी भरलेलं दिसतं, झोके बांधलेले असतात, गाणी चालू असतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की हाच दिवस. पण झोक्यावर बसलेल्या असतात त्या माहेरी आलेल्या लेकी, ज्यांची नावं सासरच्या यादीत. तुमच्या यादीतल्या सुना त्या दिवशी आपापल्या माहेरी झोका खेळत असतात. एका गावाने आखाजीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख मागून घेतली होती. केंद्रासमोर एवढी गर्दी, आणि यादीत नाव सापडेना.

माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस कानबाईनंतरचा, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणानंतरचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सुरतेहून, मुंबईहून, नाशिकहून अख्खी भाऊबंदकी गावाला येते. जी सून पोटापाण्यासाठी नवऱ्याबरोबर बाहेर राहते पण जिचं नाव अजून गावातच आहे, ती वर्षातून या एकाच वेळी हमखास सासरी असते. मंगळवारी मतदान ठेवलं तर ती एक मुक्काम वाढवून मत देऊन जाईल. पाऊस असतो, चिखल असतो, हे खरं. पण शेतात त्या दिवसांत कापसाइतकं बायकांना बांधून ठेवणारं काम नसतं. आणि कानबाईच्या रात्री सगळ्या जणी जागरणाला एकत्र असतात, तेव्हा तुम्हाला वेगळी सभा बोलवायचीही गरज पडत नाही.

त्या रात्री त्यांना शिक्का मारायला शिकवा. यासाठी मी तो ७,२७२ चा आकडा सांगितला होता. २००४ पासून लोकसभेला सगळीकडे मशीन आहे. ज्या बाईचं पहिलं मत २००४ मध्ये पडलं ती आज चाळिशीच्या घरात आहे, आणि तिने आयुष्यात बहुधा कधी कागदावर शिक्का मारलेला नाही. तिला बटण दाबायची सवय. बाटलीच्या मतदानाला कागद असतो. शिक्का दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर पडला, दोन्हीकडे पडला, किंवा सही-अंगठा केला की मत बाद. घडी चुकीची घातली की ओली शाई समोरच्या चित्रावर उमटते आणि मोजणीच्या टेबलावर दुकानदाराचा माणूस त्यावर हरकत घेतो. वहीच्या कागदावर दोन बाटल्या काढा, एक उभी, एक आडवी. गुळाच्या पाण्यात किंवा हळदीत बोट बुडवून प्रत्येकीला आडव्या बाटलीच्या मधोमध खूण करायला लावा, आणि कागद उभा दुमडायला शिकवा. ज्येष्ठ बायकांना शिक्का आठवतो, त्यांच्याकडून सुनांना शिकवून घ्या. सासूने सुनेला हे शिकवलं की त्या दिवशी दोघी एकत्र केंद्रावर येतात, हेही मी पाहिलं आहे.

गल्लीवार याद्या करा. दर पंधरा-वीस घरांमागे एक बाई, तिच्याकडे तेवढ्याच नावांची चिठ्ठी. मतदानाच्या दिवशी दुपारी एक वाजता तिने मोजून सांगायचं की माझ्या वीसातल्या किती जाऊन आल्या. लोकसभेला पक्षाची पोरं हेच करतात आणि म्हणूनच तिथे रांगा लागतात. लोकसभेला २०२४ मध्ये नंदुरबारात मतदान सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं आणि जळगावात साठच्याही आत राहिलं. उन्हाळा दोन्हीकडे सारखाच होता. नंदुरबार मतदारसंघात तर मणिबेलीसारखी गावं आहेत, जिथे मतदानाचं पथक नर्मदेच्या पाण्यातून बार्जने जातं. लोक केंद्रावर येतात ते दिवस मोठा आहे म्हणून नव्हे, कुणीतरी दारात येऊन नाव घेऊन बोलावतं म्हणून.

आज एवढंच करा. तहसीलमधून किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून तुमच्या गावची ताजी यादी काढा आणि फक्त बायकांची नावं वेगळ्या वहीत उतरवा. गावातली सगळ्यांत वयस्कर सुईण किंवा जिला सगळी घरं माहीत आहेत अशी एखादी आजी शोधा आणि तिच्यासमोर एकेक नाव वाचा. वारली, गेली, इथेच आहे, दोनदा आहे, अशा चार खुणा करा. दोन दुपारी लागतील. मग मला एकूण किती, आणि ‘इथेच आहे’ किती, हे दोन आकडे कळवा. त्यावरून अर्ज या श्रावणाआधी द्यायचा की पुढच्या, ते आपण ठरवू.